दूरदूरच्या अंतराळयानांवरून गॅमा-किरण स्फोटाची जागा कशी शोधावी

गॅमा-किरण स्फोट, म्हणजे अंतराळातून अचानक येणारा गॅमा किरणांचा अल्पकाळ टिकणारा झोत, आकाशात नेमका कोठे झाला हे ठरवण्यासाठी दुर्बीण लागतेच असे नाही. एकमेकांपासून कोट्यवधी किलोमीटर दूर असलेली दोन-तीन साधी मोजणीयंत्रे आणि त्यांच्यासोबतची भरवशाची घड्याळे एवढ्यावर हे काम होते. दृश्य प्रकाश आरशाने एकत्र आणता येतो, तसे गॅमा किरणांचे करता येत नाही, आणि ग्रहांकडे जाणाऱ्या यानांवर बसवलेली गॅमा-उपकरणे बहुतेक वेळा ‘आत्ता इतके फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, आले’ एवढेच सांगतात. ते कोणत्या दिशेने आले हे सांगत नाहीत. दिशा काढावी लागते ती वेळेतून. एकच स्फोट एका यानाला आधी आणि दुसऱ्याला नंतर दिसतो, आणि त्या दोन क्षणांतल्या फरकातच स्रोताची दिशा दडलेली असते. या पद्धतीला त्रिकोणीकरण म्हणतात, आणि ती राबवणाऱ्या यानांच्या समूहाला आंतरग्रहीय जाळे म्हणतात.

पद्धत तशी जुनी आहे. अण्वस्त्रचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी सोडलेल्या अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांनी २ जुलै १९६७ रोजी असा पहिला स्फोट टिपला. १९७३ मध्ये क्लेबेसॅडेल, स्ट्राँग आणि ओल्सन यांनी अशा सोळा स्फोटांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा हे किरण पृथ्वीवरून किंवा सूर्याकडून आलेले नाहीत हे त्यांनी उपग्रहांमधल्या वेळेच्या फरकावरूनच दाखवून दिले होते. मात्र व्हेला उपग्रहांमधले अंतर प्रकाशाला एका सेकंदाहून कमी वेळ लागेल एवढेच होते, त्यामुळे दिशा ढोबळ मिळत असे. १९७६ मध्ये सूर्याभोवती फिरणारे हेलिओस-२ यान आणि १९७८ मध्ये शुक्राकडे गेलेली पायोनियर व्हीनस ऑर्बिटर, व्हेनेरा-११ व व्हेनेरा-१२ ही याने उपलब्ध झाली, तेव्हा अंतरे शेकडो प्रकाशसेकंदांवर (प्रकाशसेकंद म्हणजे प्रकाश एका सेकंदात कापतो ते अंतर, सुमारे तीन लाख किलोमीटर) गेली आणि ही पद्धत खऱ्या अर्थाने अचूक झाली.

पुढे जे सांगितले आहे ते खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या संगणकावर करून पाहता येईल, कारण यातल्या अनेक उपकरणांच्या नोंदी आणि यानांची स्थाने सर्वांसाठी खुली आहेत.

भूमितीचा गाभा

स्रोत इतका दूर असतो की सूर्यमालेत पोहोचेपर्यंत त्याचा तरंगाग्र, म्हणजे पसरत येणाऱ्या किरणांची आघाडी, सपाट पत्र्यासारखा झालेला असतो. हे गृहीतक किती सुरक्षित आहे ते एकदा स्वतः तपासून पाहावे. दोन यानांमध्ये ६०० प्रकाशसेकंदांचे अंतर असेल आणि स्रोत सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याइतका, म्हणजे सुमारे सव्वाचार प्रकाशवर्षांवर असेल, तरी तरंगाग्राच्या वक्रतेमुळे पडणारा फरक दीड मिलिसेकंदाच्या आतच राहतो. खरे स्रोत याच्या हजारो ते अब्जावधी पट दूर असतात, म्हणून वक्रतेचा विचार निश्चिंतपणे सोडून द्यावा.

आता उशिरा टिपणाऱ्या यानाला अ म्हणू आणि आधी टिपणाऱ्याला ब म्हणू. अ पासून ब कडे जाणारी रेषा ही आधाररेषा होय. स्रोताची दिशा या रेषेशी जो कोन करते, त्या कोनाचा कॉस हा ‘वेळेतला फरक भागिले आधाररेषेची प्रकाशसेकंदांतली लांबी’ एवढा असतो. समजा, आधाररेषा ६०० प्रकाशसेकंदांची आहे आणि ब ला स्फोट अ च्या ३०० सेकंद आधी दिसला. भागाकार ०.५ येतो, म्हणून कोन ६० अंश. पण आधाररेषेशी ६० अंश करणारी दिशा एकच नसते. अशा सर्व दिशा मिळून एक शंकू तयार होतो आणि तो आकाशात एक वर्तुळ उमटवतो. वर्तुळाचे केंद्र म्हणजे अ वरून ब ज्या दिशेला आहे तो आकाशातला बिंदू आणि त्रिज्या ६० अंश. स्फोट या वर्तुळावर कोठेतरी आहे, एवढेच दोन यानांवरून कळते.

वेळेचा फरक कधीच तंतोतंत ठाऊक नसतो, म्हणून हे वर्तुळ रेघेसारखे बारीक न राहता वलयासारखे जाड होते. वलयाची अर्धी जाडी रेडियनमध्ये काढायची असेल तर वेळेतल्या त्रुटीला आधाररेषेची लांबी आणि कोनाचा साइन यांच्या गुणाकाराने भागावे. वरच्या उदाहरणात वेळेची त्रुटी ०.१ सेकंद धरली तर ०.१ भागिले ६०० गुणिले ०.८६६, म्हणजे सुमारे ०.०००१९ रेडियन, अर्थात ४० विकला (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). दिशा मुळीच न ओळखणाऱ्या दोन यंत्रांनी, सेकंदाचा दहावा भाग एवढ्या साध्या अचूकतेने, आकाशातली जागा एका दिशेने दीड कलेहूनही कमी जाडीत पकडली! हाच हिशोब मी प्रथम कागदावर केला तेव्हा पुन्हा पुन्हा तपासून पाहिला होता.

या सूत्रात दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की आधाररेषा लहान असेल तर कितीही चांगले उपकरण फारसे उपयोगी पडत नाही. युरोपचे इंटिग्रल यान पृथ्वीपासून जास्तीत जास्त सुमारे दीड लाख किलोमीटर दूर जात असे. ही आधाररेषा फक्त अर्ध्या प्रकाशसेकंदाची. तेथे ०.०५ सेकंदांच्या त्रुटीने वलयाची अर्धी जाडी पावणेसहा अंशांहून कमी होत नाही. पृथ्वीलगतच्या कक्षेतल्या दोन उपग्रहांमधले अंतर तर ०.०५ प्रकाशसेकंदांहूनही कमी असते, म्हणून त्यांना व्यवहारात एकच बिंदू समजावे.

दुसरी गोष्ट नवख्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. स्रोत आधाररेषेच्याच दिशेला असेल तर साइन शून्याकडे जातो आणि वरचे सूत्र निकामी होते. अशा वेळी वलय उरत नाही, एक तबकडी उरते, आणि तिची त्रिज्या ‘दुप्पट त्रुटी भागिले आधाररेषा’ या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. त्याच ६०० प्रकाशसेकंद आणि ०.१ सेकंद या आकड्यांना ही त्रिज्या एक अंशाहून थोडी अधिक येते. म्हणजे तीच याने आणि तीच घड्याळे असूनही केवळ स्रोताच्या जागेमुळे अचूकता ४० विकलांवरून एका अंशावर घसरते. त्यामुळे यानांची मांडणी पाहिल्याशिवाय ‘हे जाळे इतके अचूक आहे’ असे विधान करू नये.

स्फोट तोच आहे याची खात्री

कामाला सुरुवात करताना एका उपकरणाने नोंदवलेली वेळ घ्यावी आणि दुसऱ्या यानाच्या नोंदींमध्ये तिच्या आगेमागे आधाररेषेच्या लांबीएवढा काळ चाळावा. ६०० प्रकाशसेकंदांच्या आधाररेषेसाठी ही खिडकी वीस मिनिटांची होते. वीस मिनिटांत गणनेचे, म्हणजे मोजलेल्या फोटॉनच्या संख्येचे, दुसरे चढउतारही येतात. सूर्यावरच्या ज्वाला, विद्युतभारित कणांच्या लाटा, आपल्याच आकाशगंगेतल्या मॅग्नेटारांचे (अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्यांचे) छोटे स्फोट, हे सगळे फसवू शकते. इंटिग्रलवरच्या स्पेक्ट्रोमीटरभोवतीचे संरक्षक कवच ५० मिलिसेकंदांच्या अंतराने गणना नोंदवत असे. त्यात वैश्विक किरणांमुळे उठणारे अगदी आखूड सुळके वारंवार दिसतात आणि ते लघुस्फोटासारखेच, म्हणजे दोन सेकंदांहून कमी टिकणाऱ्या गॅमा-किरण स्फोटासारखेच, भासतात.

म्हणून दोन्ही नोंदींमधल्या आलेखांचे रूप जुळते का ते आधी डोळ्यांनी पाहावे. किती शिखरे आहेत, त्यांच्यात किती अंतर आहे, चढ तीव्र आहे की संथ, हे सर्व जुळले पाहिजे. नंतर येणारे वर्तुळ सूर्यावरून जात असेल तर ती सौरज्वाला असण्याची शक्यता प्रथम निकालात काढावी. एका यानाला ठळक दिसलेला प्रखर स्फोट दुसऱ्याला मुळीच दिसला नाही, तर ते यान ज्या ग्रहाभोवती फिरते तो ग्रह मध्ये आला असावा. ही गोष्ट टिपून ठेवावी, कारण पुढे तिचाच पुरावा म्हणून उपयोग होतो.

वेळा एका मापात आणणे

या सगळ्या उद्योगात सर्वाधिक चुका येथे होतात, भूमितीत नव्हे. प्रत्येक मोहिमेची वेळ लिहिण्याची रीत वेगळी असते. कोणी समन्वित जागतिक वेळ (यूटीसी) देते, कोणी पार्थिव वेळ (टीटी, म्हणजे लीप सेकंद न मिळवता एकसारखी पुढे जाणारी वेळ), तर कोणी एखाद्या ठरावीक दिवसापासूनचे सेकंद मोजते. जानेवारी २०१७ पासून पार्थिव वेळ ही समन्वित जागतिक वेळेच्या ६९.१८४ सेकंदांनी पुढे आहे. त्याआधीच्या स्फोटांसाठी हा आकडा वेगळा असतो, कारण लीप सेकंद अधूनमधून वाढवले गेले आहेत.

हा फरक विसरल्याचा परिणाम मी स्वतः अनुभवला आहे. ज्याची जागा आधीच अचूक ठाऊक होती असा एक स्फोट सराव म्हणून घेतला होता आणि माझे वलय त्या जागेपासून कित्येक अंश दूर गेले. दोन दिवस मी सदिशांची चिन्हे आणि कोनांची सूत्रे उलटसुलट करून पाहत होतो. वर घेतलेल्या उदाहरणात हे ६९.१८४ सेकंद चुकून मिसळले तर ६० अंशांची त्रिज्या ५२ किंवा ६७ अंशांच्या आसपास जाते, आणि असा सात-आठ अंशांचा घोटाळा दिसला की भूमितीकडे वळण्यापूर्वी वेळेचे माप तपासावे, हे तेव्हा शिकलो.

आणखी दोन प्रश्न प्रत्येक नोंदीला विचारावेत. दिलेली वेळ यानावर किरण पोहोचल्याची आहे की यानाचा संदेश पृथ्वीवर आल्याची? दोहोंत अनेक मिनिटांचे अंतर असू शकते. आणि गणना ज्या छोट्या कालखंडात मोजली, दिलेली वेळ त्या कालखंडाच्या सुरुवातीची आहे, मध्याची आहे की शेवटची? पाव सेकंदाचा कालखंड असेल तर नुसत्या या शंकेने अष्टमांश सेकंदाची चूक होते, आणि ती सांख्यिकीत कोठेही दिसत नाही.

यानावरचे घड्याळही हळूहळू सरकते. ते पृथ्वीवरच्या प्रमाणवेळेशी जुळवण्याचे गुणांक मोहिमेचे लोक वेळोवेळी प्रसिद्ध करतात. जुने गुणांक वापरू नयेत, आणि नवे आले की गणित पुन्हा करावे.

यानांची स्थाने

प्रत्येक यानाचे स्थान नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या होरायझन्स या सेवेतून किंवा मोहिमेच्या स्वतःच्या फायलींतून मिळते. दोन्ही स्थाने सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रापासून मोजलेली आणि जे-२००० च्या, म्हणजे २००० सालच्या आरंभीच्या स्थितीवर बांधलेल्या, विषुववृत्तीय अक्षांवर घ्यावीत. त्याहून महत्त्वाचे असे की प्रत्येक यानाचे स्थान त्या यानावर स्फोट पोहोचला त्या क्षणाचे घ्यावे. दोन्ही स्थाने एकाच क्षणाची घेण्याचा मोह होतो, पण पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर या वेगाने फिरते. ३०० सेकंदांत ती आणि तिच्याभोवतीचे उपग्रह ९,००० किलोमीटर पुढे जातात, म्हणजे ०.०३ प्रकाशसेकंद. आपल्या उदाहरणात यामुळे वर्तुळ १२ विकलांपर्यंत सरकू शकते. एकूण ४० विकलांच्या हिशोबात ही चूक खपून जाईल असे वाटते, पण टाळता येण्याजोगी चूक खपवून का घ्यावी?

सगळी स्थाने पृथ्वीच्या केंद्रापासून मोजली तर पृथ्वीच्या गतीमुळे होणारे अपेरण (निरीक्षकाच्या वेगामुळे दिशा किंचित सरकलेली भासणे) दिशेत मिसळते आणि वीस विकलांपर्यंतची तफावत येते. पृथ्वीलगतच्या उपग्रहाचे स्थान पृथ्वीच्या केंद्राएवढेच धरले तर वेळेत २३ मिलिसेकंदांपर्यंत चूक होते. दीर्घ स्फोटासाठी ती नगण्य असू शकते. लघुस्फोटासाठी मात्र नाही.

वेळेतला फरक मोजणे

आता मुख्य मोजमाप. दोन आलेखांतली शिखरे पाहून डोळ्यांनी फरक काढता येतो, पण त्याची त्रुटी किती हे डोळा सांगत नाही. रीतसर पद्धत अशी की आधी दोन्ही नोंदींमधून पार्श्वभूमीची गणना वजा करावी; त्यासाठी स्फोटाच्या आधीचा आणि नंतरचा शांत भाग घेऊन त्यातून सरळ रेषा किंवा सौम्य वक्र काढावा. मग एक नोंद दुसरीवर सरकवत न्यावी, दोन्हींच्या उंचीचे गुणोत्तर प्रत्येक वेळी जुळवून घ्यावे, आणि उरलेल्या फरकांचा काय-वर्ग (प्रत्येक फरक त्याच्या त्रुटीने भागून केलेल्या वर्गांची बेरीज) काढत जावा. काय-वर्ग जेथे सर्वांत लहान होतो तो वेळेतला फरक. तेथून दोन्ही बाजूंना काय-वर्ग १ ने वाढतो त्या जागा एक-सिग्माच्या (सिग्मा म्हणजे प्रमाण त्रुटी) मर्यादा देतात आणि ९ ने वाढतो त्या तीन-सिग्माच्या. किमान काय-वर्ग अपेक्षेपेक्षा मोठा येत असेल, म्हणजे आलेख मुळातच नीट जुळत नसतील, तर त्याच प्रमाणात मर्यादा रुंदावाव्यात.

आलेख न जुळण्यामागे बहुधा ऊर्जापट्ट्यांचा फरक असतो. बहुतेक दीर्घ स्फोटांत जास्त ऊर्जेचे फोटॉन थोडे आधी येतात आणि कमी ऊर्जेचे मागाहून, आणि कमी ऊर्जेच्या पट्टीत तेच शिखर अधिक पसरट दिसते. एका यानाची ५० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपासूनची नोंद दुसऱ्याच्या ३०० च्या पुढच्या नोंदीशी ताडून पाहिली तर निघालेल्या फरकात स्फोटाचा स्वतःचा स्वभाव मिसळलेला असतो. पृथ्वीच्या सूर्याकडील बाजूला असलेल्या विंड यानावरचे कोनस उपकरण तीन पट्ट्यांमध्ये आलेख देते आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या फर्मी उपग्रहाचा गॅमा-किरण स्फोट मापक प्रत्येक फोटॉनची वेळ मायक्रोसेकंदांच्या अचूकतेने आणि ऊर्जेसह नोंदवतो. अशा उपकरणाच्या नोंदीतून हवी ती पट्टी वेगळी काढून ती दुसऱ्या यानाच्या पट्टीशी शक्य तेवढी जुळवून घ्यावी. इंटिग्रलच्या कवचाच्या नोंदीत ऊर्जा मुळीच नसते, त्यामुळे तेथे जुळवून घेण्याचे काम समोरच्या उपकरणाला करावे लागते.

कालखंडाची लांबी ही अचूकतेची अंतिम सीमा नव्हे. अनेक कालखंडांवर पसरलेला, खाचाखोचांचा प्रखर स्फोट असेल तर कालखंडाच्या लांबीहून बारीक फरक काढता येतो. उलट संपूर्ण स्फोट एकाच कालखंडात मावला असेल तर तो त्या कालखंडात नेमका कोठे होता हे कळण्याचा मार्ग नसतो, आणि प्रामाणिकपणे पूर्ण कालखंडाएवढी त्रुटी स्वीकारावी लागते. मंद चढउताराचा, गुळगुळीत आणि फिका स्फोट तर कोणत्याही उपकरणातून अंधुकच फरक देतो. तीव्र कडांचा स्फोट त्रिकोणीकरणाला सर्वांत अनुकूल. ५ मार्च १९७९ चा प्रसिद्ध स्फोट याचेच उदाहरण: त्याचा चढ एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळात झाला होता आणि सूर्यमालेत विखुरलेल्या अनेक यानांनी तो टिपला होता. त्यावरून निघालेली जागा मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या एन-४९ या अतिनवताऱ्याच्या अवशेषावर पडली.

दुसरे वर्तुळ आणि आरशातली जागा

तिसरे यान मिळाले की दुसरे वर्तुळ काढता येते. आपल्या उदाहरणात क हे यान अ पासून ४०० प्रकाशसेकंदांवर आहे आणि त्याला स्फोट अ च्या १०० सेकंद नंतर दिसला असे धरू. अ पासून क कडे जाणाऱ्या रेषेशी होणाऱ्या कोनाचा कॉस उणे ०.२५, म्हणून कोन सुमारे १०४.५ अंश. वेळेची त्रुटी ०.०८ सेकंद असेल तर अर्धी जाडी सुमारे ४३ विकला. अ वरून पाहता ब आणि क यांच्या दिशांमध्ये ७३ अंशांचे अंतर असेल तर ही दोन वर्तुळे एकमेकांना साधारण ६० अंशांच्या कोनात छेदतात. तीन-सिग्माची वलये घेतली तर त्यांची पूर्ण जाडी चार कला आणि सव्वाचार कलांच्या आसपास येते. छेदनाच्या जागी तयार होणाऱ्या समांतरभुज चौकटीचे क्षेत्रफळ म्हणजे जाड्यांचा गुणाकार भागिले छेदनकोनाचा साइन. ते सुमारे २० चौरस कला भरते. पूर्ण चंद्राचे बिंब आकाशात ७०० चौरस कलांहून अधिक जागा व्यापते, त्याच्याशी तुलना केली की ही चौकट किती लहान आहे ते ध्यानात येईल.

ब आणि क यांच्यामधले तिसरे वर्तुळही काढता येते, पण त्याला नवा पुरावा समजू नये. ब आणि क मधला फरक ४०० सेकंद असणार हे आधीच्या दोन फरकांवरून ठरलेलेच आहे. त्याचा उपयोग तपासणीपुरता: ब आणि क यांचे आलेख थेट ताडून ४०० सेकंद आले नाहीत तर आधीच्या दोन मोजमापांपैकी एकात खोट आहे.

दोन वर्तुळे मात्र दोन ठिकाणी छेदतात. हे दोन बिंदू तिन्ही यानांतून जाणाऱ्या प्रतलाच्या दोन बाजूंना, आरशातल्या प्रतिमेसारखे असतात. ग्रहांकडे जाणारी याने बहुतेक करून आयनिक वृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या, प्रतलाजवळच राहतात, म्हणून व्यवहारात प्रश्न असा उरतो की स्फोट आयनिक वृत्ताच्या उत्तरेला झाला की दक्षिणेला. याचे उत्तर अनेक मार्गांनी मिळते. विंडवरच्या कोनस उपकरणाचे दोन डिटेक्टर आहेत. एक आयनिक वृत्ताच्या उत्तर ध्रुवाकडे आणि दुसरा दक्षिण ध्रुवाकडे रोखलेला. ज्याची गणना जास्त, त्या बाजूला स्फोट. फर्मीसारख्या उपग्रहावर वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले बारा डिटेक्टर असतात. त्यांच्या गणनांच्या तुलनेतून काही अंशांच्या अचूकतेची ढोबळ जागा मिळते आणि दोहोंपैकी एक बिंदू बाद करायला ती पुरेशी असते. एखाद्या यानाला स्फोट दिसला नव्हता अशी नोंद आपण आधी ठेवली होती; दोन बिंदूंपैकी जो त्या क्षणी ग्रहाआड होता तोच खरा असण्याचा संभव. चौथे यान प्रतलाबाहेर असेल तर प्रश्नच मिटतो. १९९० ते २००९ या काळात युलिसिस यान सूर्याच्या ध्रुवांवरून फिरत होते आणि आयनिक वृत्तापासून इतके दूर जाणारे दुसरे यान तेव्हा या जाळ्यात नव्हते, म्हणून त्याचे महत्त्व विशेष होते.

स्रोत तिन्ही यानांच्या प्रतलाजवळ असेल तर दोन्ही वर्तुळे एकमेकांना छेदण्याऐवजी जवळजवळ स्पर्श करतात. मग चौकट लांबट, वाकडी आणि कधी दोन्ही बिंदूंना सामावणारी होते. अशा वेळी चार कोपरे देऊन भागत नाही; वलयांचे केंद्र, त्रिज्या आणि जाडी द्यावी, म्हणजे वाचणाऱ्याला आकार स्वतः काढता येतो.

पारखून घेणे

काय-वर्गातून मिळालेली त्रुटी ही फक्त गणनेच्या चढउतारांची त्रुटी असते. घड्याळातला, स्थानातला किंवा ऊर्जापट्टीतला दोष तिच्यात दिसत नाही. तो शोधण्याचा एकच भरवशाचा उपाय मला माहीत आहे, आणि तो कंटाळवाणा वाटला तरी टाळू नये: ज्यांची जागा स्वतंत्रपणे अचूक ठरली आहे असे स्फोट घ्यावेत, त्यांची वलये काढावीत आणि ती ठाऊक जागेवरून जातात का ते पाहावे. २००४ मध्ये सोडलेला स्विफ्ट उपग्रह काही कलांच्या आत जागा देतो आणि पुढे त्याच्याच क्ष-किरण व दृश्य दुर्बिणींतून ती विकलांपर्यंत नेमकी होते, म्हणून पारखणीसाठी त्याचे स्फोट उत्तम.

अशी वीस-तीस वलये काढल्यावर ठाऊक जागा वलयाच्या मध्यापासून सरासरी किती सिग्मा दूर पडते ते पाहावे. विचलने दोन्ही बाजूंना सारखी विखुरलेली आणि सिग्माशी सुसंगत असतील तर ठीक. ती सगळी एकाच बाजूला झुकत असतील तर घड्याळात स्थिर चूक आहे. तिचे मूल्य काढून दुरुस्ती करावी. दोन्ही बाजूंना असली तरी सिग्मापेक्षा फार मोठी असतील तर पद्धतशीर त्रुटी म्हणून काही मिलिसेकंद वर्गबेरजेने (वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ घेऊन) मिळवावेत. हे मिलिसेकंद अंदाजाने ठरवू नयेत. पारखणीतून निघतील तेवढेच घ्यावेत. त्रुटी मुद्दाम मोठी सांगणे हाही दोषच आहे, कारण दुर्बिणीवाल्यांना तितके आकाश विनाकारण पालथे घालावे लागते.

ही काळजी किती फळ देते ते १५ एप्रिल २०२० च्या जीआरबी २००४१५ए या स्फोटात दिसले. मुख्य स्पंद सेकंदाच्या सातव्या भागाएवढाच होता. प्रथम तो मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स ओडिसी यानावरच्या न्यूट्रॉन डिटेक्टरला लागला. सुमारे ६.६ मिनिटांनी तो पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर सूर्याच्या बाजूला असलेल्या विंडवर पोहोचला, आणि त्यानंतर साडेचार सेकंदांनी पृथ्वीजवळच्या यानांवर. तीव्र कडा, मंगळापर्यंतची आधाररेषा आणि जुळणाऱ्या नोंदी असे तिन्ही योग जमून आले. वलयांच्या छेदातून वीस चौरस कलांच्या आसपासची चौकट निघाली आणि तिच्यात सुमारे १.१४ कोटी प्रकाशवर्षांवरची एनजीसी-२५३ ही तेजस्वी दीर्घिका सापडली. वरवर पाहता हा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून होणारा लघुस्फोट वाटला असता. इतक्या जवळच्या दीर्घिकेचा पत्ता मिळाल्यामुळेच तो एका मॅग्नेटारचा महास्फोट म्हणून ओळखता आला. चौकट दहापट मोठी असती तर ही ओळख ठामपणे पटवता आली नसती.

निकाल कळवताना

दूरच्या यानांच्या नोंदी पृथ्वीवर उतरायला कित्येक तास, कधी एक-दोन दिवसही लागतात, म्हणून निकाल टप्प्याटप्प्याने द्यावा. पृथ्वीजवळच्या यानांवरून, विंडसह, ढोबळ वलय लगेच काढता येते. ते पाठवून द्यावे आणि ग्रहापाशी असलेल्या यानाची नोंद आली की सुधारित निकाल द्यावा. अशा सूचना प्रसृत करण्यासाठी नासाचे जनरल कोऑर्डिनेट्स नेटवर्क आहे. सूचनेत प्रत्येक वलयाच्या केंद्राचे विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश आणि अक्षांश), त्रिज्या, दोन्ही बाजूंच्या तीन-सिग्मा मर्यादा, चौकटीचे कोपरे आणि क्षेत्रफळ हे सर्व द्यावे. कोणती नोंद कोणत्या यानाची, वेळ कोणत्या मापातली आणि घड्याळाची दुरुस्ती लावली आहे की नाही, हेही लिहावे. वरच्या व खालच्या मर्यादा अनेकदा असमान येतात. त्या तशाच द्याव्यात, सरासरी काढून सारख्या करू नयेत. आणि आरशातली दुसरी जागा कोणत्या कारणाने बाद केली, ते एका वाक्यात नमूद करावे, म्हणजे रात्री दुर्बीण वळवणाऱ्याला चुकीच्या गोलार्धात शोध घ्यावा लागणार नाही.